दारव्ह्याच्या नावाने

खुल्या आज्ञावलीचा एखादा सार्वजनिक प्रकल्प, यापुढे अमुक वर्षापूर्वीच्या कम्पायलरचा भार आम्ही वाहणार नाही, असा विचार नुसता बोलून दाखवू लागला, की विरोधकांकडून एक युक्तिवाद हटकून पुढे येतो: शहरातल्या सुखवस्तू अभियंत्याला नवे ते रोजच्या रोज मिळते, परंतु तालुक्याच्या ठिकाणी, जुन्यापुराण्या संगणकावर, विजेच्या लहरीप्रमाणे शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जे आहे तेच तुम्ही एका फटक्यासरशी निरुपयोगी करून टाकणार, तेव्हा हा निर्णय तांत्रिक नसून दुर्बळांवरचा अन्याय आहे. हा युक्तिवाद ज्यांच्या नावाने केला जातो त्यांच्यात मी राहतो. दारव्हा हे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. कापसाच्या मुलखातले, मोठ्या शहरांपासून दूर, आणि उपर्युक्त युक्तिवादाला हवे असलेले सारे अभाव कमीअधिक प्रमाणात बाळगणारे. म्हणूनच मला हे स्पष्टपणे सांगणे भाग आहे की, ही वकिली आमच्याकडून वकालतनामा न घेता चालली आहे, आणि तीत आमच्या खऱ्या गरजेची कैफियत मांडली जाण्याऐवजी तिची अदलाबदल झाली आहे.

या विषयाशी ज्यांचा नित्य संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. माणसाला वाचता-लिहिता येईल अशा भाषेतली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवून देणारी जी आज्ञावली, तिला कम्पायलर म्हणतात. आणि आपल्या आज्ञावलीत जे काम आपण स्वतः न करता दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार भागांवर सोपवतो, त्या भागांना डिपेंडन्सी म्हणतात. दोन्ही काळाबरोबर बदलतात. कम्पायलरच्या नव्या आवृत्त्या निघतात, भाषेत नव्या सोयी येतात, जुन्या चुका दुरुस्त होतात. आणि प्रकल्प चालवणाऱ्यांपुढे दरवर्षी हा प्रश्न उभा राहतो की, मागची किती वर्षे आपण आपल्या खांद्यावर घेऊन चालायचे. दहा वर्षांपूर्वीच्या कम्पायलरवरही आपली आज्ञावली तयार झाली पाहिजे असे म्हटले की त्या दहा वर्षांत भाषेत आलेली प्रत्येक सोय वर्ज्य होते, आणि त्या जुन्या आवृत्तीतल्या ज्ञात दोषांना चुकवण्यासाठी जागोजागी आडवाटा काढाव्या लागतात. हा भार बहुधा अशा माणसांवर पडतो, जी दिवसाची नोकरी सांभाळून रात्री, विनावेतन, हे काम करीत असतात.

आता प्रतिपक्षाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. आमच्याकडे संगणक जुने आहेत हे खरे. शहरातल्या कचेरीने काढून टाकलेला संगणक आमच्या एखाद्या शिकवणीवर्गात आणखी दहा वर्षे सेवा करतो, हेही खरे. परंतु यंत्र जुने आहे म्हणून कम्पायलर जुना असलाच पाहिजे, हे अनुमान कोणत्या न्यायाने निघते? ज्या कम्पायलरविषयी हा सारा वाद बहुतेक वेळा होतो तो जीसीसी, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रथम प्रसिद्ध केला तेव्हापासून, विनामूल्य आहे. त्याची नवी आवृत्ती घ्यायला पैसे पडत नाहीत, परवाना लागत नाही, कोणाची शिफारस लागत नाही. शिवाय नवी आवृत्ती जुन्या यंत्राला परकी मानते असेही नाही. आजचे जीसीसी ३२-बिटांच्या इंटेल प्रोसेसरसाठी अजूनही भाषांतर करून देते, आणि बऱ्याच प्रसंगी जुन्या आवृत्तीपेक्षा अधिक चांगले करून देते. मोठ्या संस्थांच्या जुन्या प्रणालींचीही तीच कथा. रेड हॅटची सातवी एंटरप्राइज प्रणाली २०१४ साली जीसीसी ४.८ घेऊन बाहेर पडली, आणि तिच्या ग्राहकांना दशकभर ती बदलायची नव्हती. तेव्हा त्या कंपनीने प्रणाली तीच ठेवून तीवर नवा कम्पायलर बसवता येईल असा स्वतंत्र अवजारसंच दिला, आणि त्या संचाने तयार झालेली आज्ञावली मूळच्या जुन्या प्रणालीवर बिनतक्रार चालत असे. पायथन भाषेच्या जगात तर हा पुढे शिरस्ताच झाला: २०१४ च्या प्रणालीवर चालणारे तयार संच जीसीसीच्या दहाव्या आवृत्तीने बांधले जाऊ लागले. यंत्र जुने, प्रणाली जुनी आणि अवजार मात्र नवे, ही व्यवस्था इतकी वर्षे सर्वांच्या डोळ्यांदेखत चालू असताना, जुन्या यंत्राच्या कणवेपोटी जुने अवजार सांभाळा असे सांगणे म्हणजे दोन भिन्न वस्तू एकाच नोंदीत घुसडणे होय.

हा घोटाळा केवळ तर्काचा असता तर मी त्यावर इतके लिहिले नसते. त्यामुळे खऱ्या अन्यायाकडे पाठ फिरवली जाते, हे माझे गाऱ्हाणे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज दहाची नित्याची मुदत संपली, आणि तिची उत्तराधिकारी जी अकरावी आवृत्ती, ती सुरक्षेची एक विशिष्ट चिप आणि अलीकडच्या पिढीतला प्रोसेसर असल्याशिवाय अधिकृतपणे बसतच नाही; म्हणजे चालते-बोलते, धडधाकट असे कित्येक संगणक, ज्यांत बिघाड म्हणून काहीही नाही, कागदोपत्री मृत ठरले. त्याआधी २०२३ च्या आरंभी क्रोमने विंडोज सातवरून आपला हात काढून घेतला. आणि ज्या लिनक्सच्या आश्रयाला अशी यंत्रे जात, त्यातल्या डेबियनने २०२५ च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या आपल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२-बिटांच्या जुन्या इंटेल यंत्रांवर नव्याने प्रतिष्ठापना करण्याची सोय बंद केली. डेबियनच्या स्वयंसेवकांना मी दोष देत नाही. त्या यंत्रांचे काम पाहणारी माणसे उरली नव्हती आणि त्यांनी ते उघडपणे सांगितले. पण तालुक्यातल्या विद्यार्थ्याच्या हातचा संगणक खरोखर निरुपयोगी करणारे जे निर्णय होते, ते हे होते. त्या प्रसंगी आमच्या कैवाऱ्यांचा आवाज क्षीण होता. आणि तयार भागांचा संग्रह, म्हणजे ग्रंथालय, पुरवणाऱ्या एखाद्या प्रकल्पाने जीसीसी ४.८ चे नाव आपल्या यादीतून काढायचे म्हटले की तोच आवाज चढतो. ज्याच्या दाराशी संकट उभे आहे त्याला सोडून शेजारच्या रिकाम्या घरावर पहारा देण्यासारखे हे आहे.

जुने अवजार आमच्या हितासाठी म्हणून सांभाळले तर काय होते याचे उदाहरण शोधायला परमुलखात जाण्याचे कारण नाही. ते आमच्याच शिक्षणात आहे आणि त्याचे नाव टर्बो सी++ असे आहे. बोरलँड कंपनीने नव्वदच्या दशकाच्या तोंडावर काढलेले हे अवजार त्या काळी उत्कृष्ट होते. डॉसच्या निळ्या पडद्यावर लिहा, एक कळ दाबा आणि आज्ञावली चालवा, इतके सुटसुटीत साधन त्यामुळे सामान्य विद्यार्थ्याच्या हाती आले. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या ग्रंथाने ज्या पिढ्यांना सी भाषा शिकवली त्या याच वातावरणात वाढल्या, आणि विदर्भाने या एका पुस्तकाद्वारे साऱ्या देशाला जे दिले त्याविषयी मला अभिमान आहे. परंतु त्या ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांत विंडोज आणि लिनक्स यांखालच्या सी भाषेवर प्रकरणे आली. ग्रंथ काळाबरोबर सरकला, आणि प्रयोगशाळा जागच्या जागी राहिल्या. सी++ भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली निश्चित झाले. टर्बो सी++ त्याच्याही आधीचे. त्यानंतर २०११, २०१४, २०१७ आणि २०२० या वर्षांची प्रमाणे आली, आणि तरीही आपल्या राज्यातल्या कितीतरी प्रयोगवह्यांत आजतागायत त्या पूर्व-प्रमाण भाषेतली शीर्षके, पडदा पुसण्याची ती बोरलँडची आज्ञा, आणि कळ दाबेपर्यंत थांबण्याची ती दुसरी आज्ञा, श्रद्धेने उतरवून घेतली जातात. विद्यार्थ्याला वाटते की ही सी++ भाषा आहे. वस्तुतः त्या एका कंपनीच्या, एका काळातल्या, एका प्रणालीपुरत्या सोयी आहेत, आणि त्या पाठ केलेला मुलगा आजच्या प्रचलित कम्पायलरपुढे बसला की त्याची पहिलीच ओळ नाकारली जाते.

टर्बो सी++ मध्ये साधा पूर्णांक सोळा बिटांचा, म्हणजे त्याची कमाल मर्यादा ३२,७६७. कापसाच्या मुलखातल्या मुलाने, शिक्षकांनी सांगितल्याप्रमाणे आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊन, दहा क्विंटल कापूस सात हजार रुपये भावाने विकला तर किती पैसे मिळतील हे साध्या पूर्णांकांत मांडून विचारले, तर सत्तर हजारांच्या ऐवजी ४,४६४ हे उत्तर पडद्यावर येईल. चुकीची सूचना येणार नाही, आज्ञावली थांबणार नाही. पासष्ट हजार पाचशे छत्तीस मुकाट्याने गिळून उरलेली रक्कम दाखवली जाईल. आजच्या कोणत्याही नेहमीच्या संगणकावरच्या कम्पायलरने हे उत्तर बरोबर दिले असते. ज्या मुलाच्या बापाचा सगळा हंगाम त्या एका गुणाकारात आहे, त्याला हे अवजार त्याच्या भल्यासाठी दिले आहे असे कोणी म्हणावे?

आणि ‘आमच्याकडची यंत्रे दुबळी, म्हणून टर्बो’ या समर्थनात तर मुळीच अर्थ नाही. ६४-बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांच्या आज्ञावल्या चालत नाहीत. म्हणून टर्बो सी++ चालवण्यासाठी डॉसबॉक्स नावाची दुसरी आज्ञावली आधी चालवावी लागते, जी संगणकाच्या आत एक अख्खा जुना संगणक, त्याच्या प्रोसेसरसह, कृतीने उभा करते. म्हणजे दुबळ्या यंत्राला, आपले स्वतःचे काम सोडून, दुसऱ्या मृत यंत्राचे सोंग वठवण्याचे श्रम करावे लागतात. जीसीसीला यातले काहीच लागत नाही. दारिद्र्यामुळे टर्बो टिकलेला नाही. परीक्षेचा साचा, छापलेली प्रयोगवही आणि बदलाचा कंटाळा या तिघांनी तो टिकवला आहे, आणि दारिद्र्याचे नाव त्यावर आच्छादन म्हणून घातले गेले आहे. जेव्हा एखादा सार्वजनिक प्रकल्प जुन्या कम्पायलरला ‘आधार आहे’ असे आपल्या यादीत लिहून ठेवतो, तेव्हा तो या कंटाळ्याला दाखला देतो. ‘पाहा, अजून चालते’, असे म्हणायला आधार देतो. आम्हाला या दाखल्याची गरज नाही.

जुन्या कम्पायलरचा भार हा केवळ गैरसोयीचा प्रश्न आहे, धोक्याचा नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी लिनक्सच्या गाभ्याचा अनुभव पाहावा. त्या प्रकल्पाने २०२० साली आपली किमान मर्यादा जीसीसी ४.९ अशी ठेवली होती. २०२१ च्या जानेवारीत, एआरएमच्या ६४-बिट यंत्रावर फाइल-व्यवस्थेच्या पडताळणीच्या बेरजा अधूनमधून चुकत असल्याचा प्रकार रसेल किंग या ज्येष्ठ कार्यकर्त्याने चिकाटीने शोधत शोधत मुळाशी नेला, आणि दोष निघाला तो कम्पायलरचा: ४.९ ही आवृत्ती त्या यंत्रासाठी भाषांतर करताना स्मृतीचा एक भाग मोकळा केल्यावरही त्यातून वाचत राही, आणि नेमक्या त्या निमिषात यंत्राला दुसऱ्या कामाचा अडथळा आला तर वाचलेले मूल्य भ्रष्ट होई. गाभ्याची आज्ञावली निर्दोष, लिहिणारा निर्दोष, यंत्र निर्दोष. आणि तरी नोंद चुकीची. जीसीसी ५.१ मध्ये हा दोष नव्हता. त्या यंत्रांसाठी किमान मर्यादा तत्काळ वर नेण्यात आली, पुढे त्याच वर्षी सर्वांसाठी ५.१ झाली, आणि २०२५ मध्ये आठव्या आवृत्तीपर्यंत गेली. ज्या दोषाची दुरुस्ती होऊन वर्षे लोटली आहेत तो दोष, केवळ ‘कोणीतरी वापरत असेल’ या संभावनेपायी, जिवंत ठेवणे याला मी औदार्य म्हणणार नाही. आणि हे विशेषतः आमच्यासारख्यांनी म्हणू नये; कारण अशा चुकीचा शोध लावायला जो वेळ, जे यंत्र आणि जो अनुभव लागतो तो किंगसारख्यांपाशी होता, दारव्ह्यातल्या विद्यार्थ्यापाशी नाही. त्याच्या नोंदी मुकाट्याने बिघडत राहिल्या असत्या.

याच संदर्भात शकुंतलेचे उदाहरण आमच्यापुढे हमखास ठेवले जाते, आणि ते आमच्या मर्मावर ठेवलेले बोट असते. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला जाणारी अडीच फुटी रुळांची ती गाडी, किलिक निक्सनच्या व्यवस्थेखालच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने कापसाच्या वाहतुकीसाठी बांधलेली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले तिचे बाष्प-इंजिन १९९४ पर्यंत धावले, आणि ती बंद पडू नये म्हणून या भागातल्या लोकांनी निवेदने दिली, आंदोलने केली. मग जुन्या वस्तूवर इतकी निष्ठा असणाऱ्या गावाने जुन्या कम्पायलरची कड घ्यायला नको काय, असा हा प्रश्न. पण शकुंतला का खंगली, हे तरी नीट पाहावे. रूळ अरुंद होते म्हणून नव्हे, इंजिन म्हातारे होते म्हणूनही नव्हे. मार्गाची मालकी स्वातंत्र्यानंतरही खाजगी कंपनीकडे, गाडी चालवण्याचे काम करारान्वये भारतीय रेल्वेकडे, आणि रुळांच्या दुरुस्तीची जबाबदारी या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत पडलेली: मालकाला खर्च करायचा नाही, चालवणाऱ्याला परक्याच्या मालमत्तेवर करायचा नाही. करारांच्या मुदती वाढत गेल्या आणि मार्ग झिजत गेला. लोक भांडले ते अरुंद रुळांसाठी नव्हे, गाडीसाठी. म्हणूनच वर्धा–यवतमाळ–नांदेड हा नवा रुंद मार्ग दारव्ह्यावरून नेण्याचे ठरले तेव्हा, रूळ अडीच फुटीच हवेत असा आग्रह येथे कोणी धरला नाही.

आणि नेमका हाच निकष मला कम्पायलर आणि डिपेंडन्सी यांना लावायचा आहे. एखादी आवृत्ती किती वर्षांची झाली हे विचारू नका. तिची दुरुस्ती आज कोण करतो, हे विचारा. रेड हॅटच्या त्या सातव्या प्रणालीची नित्य देखभाल ३० जून २०२४ पर्यंत चालू होती, आणि तोपर्यंत तीवरच्या लोकांना वाऱ्यावर सोडू नये असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे ग्राह्य होते. त्या तारखेनंतर तेच म्हणणे ग्राह्य राहत नाही. पायथन २.७ ला १ जानेवारी २०२० ही अखेरची तारीख वर्षानुवर्षे आधी जाहीर करून दिलेली होती. त्यानंतरही ज्या प्रकल्पांनी तिला आधार दिला त्यांनी वापरणाऱ्यांवर उपकार केला नाही. दुरुस्ती थांबलेल्या मार्गावर गाडी चालू असल्याचे वेळापत्रक तेवढे छापून ठेवले.

या निकषाने पाहता नुसत्या पंचांगावर चालणारी धोरणेही मला सर्वस्वी मान्य नाहीत. नमपाय या गणिती ग्रंथालयाने २०१९ साली असे ठरवले की पायथनच्या कोणत्याही आवृत्तीला ती प्रसिद्ध झाल्यापासून ४२ महिने आधार द्यावा आणि मग सोडावा. मुदत आधीच कळते, वाद उरत नाही, हा त्यातला मोठाच गुण. पण पायथनचे कर्ते स्वतः आपल्या प्रत्येक आवृत्तीच्या सुरक्षेची दुरुस्ती पाच वर्षे करीत असताना, साडेतीन वर्षांतच तिच्यावरून हात काढणे म्हणजे दुरुस्ती होत असलेल्या वस्तूला अकाली वृद्ध ठरवणे होय. आणि जेथे एकदा बसवलेली प्रणाली वारंवार बदलायला माणूस मिळत नाही, तेथे ही दीड वर्षाची तफावत जाणवते. अर्थात नमपायची मागली आवृत्ती कोणी काढून नेत नाही, ती वापरता येतेच. म्हणून हा माझा आक्षेप मतभेदाचा आहे, तक्रारीचा नाही.

जेथे मात्र मी एक पाऊलही मागे घेणार नाही ते स्थान म्हणजे दस्तऐवज. अवजार बदला, जुने कागद वाचण्याची जबाबदारी कधीही टाकू नका. मोडी लिपीतून नव्या नोंदी करणे आपण केव्हाच सोडले, तथापि मोडी वाचणारा माणूस आपण दफ्तरखान्यातून हद्दपार केला नाही, कारण तसे करणे म्हणजे शेकडो वर्षांचे हक्क, वतने आणि व्यवहार जिवंतपणी पुरणे ठरले असते. युनिकोडने हे तत्त्व आपल्याच भाषेच्या बाबतीत पाळले आहे. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला जो चंद्रकोरीसारखा रकार, तो लिहिण्याची आजची रीत नुक्ता असलेल्या ‘ऱ’ पासून सुरू होते. त्याआधीच्या काळात तो साध्या हलन्त ‘र्’ नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून लिहिला जाई. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ती जुनी रीतही प्रमाणात आजवर ग्राह्य राखलेली आहे, आणि म्हणूनच जुन्या काळी टंकलेले मजकूर आजही वाचता येतात. युनिकोडपूर्व काळातल्या निरनिराळ्या खाजगी फाँटांत टंकलेल्या मराठी मजकुराची आज जी दशा आहे, की तो फाँट नसेल तर पानभर निरर्थक चिन्हे दिसावीत, ती पाहिली म्हणजे या सुसंगतीचे मोल कळते. माहितीसाठा सांभाळणाऱ्या एसक्यूलाइट या प्रकल्पाने आपल्या फाइलींचा साचा निदान २०५० पर्यंत वाचता येईल असे अभिवचन दिले आहे. ज्याला चिरस्थायित्व म्हणावे ते हे.

एसक्यूलाइटचे नाव काढले की प्रतिपक्ष म्हणेल, तोच प्रकल्प जुन्या, साध्या सी भाषेत लिहिलेला आहे आणि जाळ्यावरून फाइलींची ने-आण करणारा कर्लसारखा जगभर पसरलेला प्रकल्पही १९८९ च्या प्रमाणाला धरून चालतो. मग इतरांना काय अडचण? अडचण नाही, पण ऋण आहे, आणि ते कोण फेडणार हे आधी ठरले पाहिजे. या दोन प्रकल्पांवर अक्षरशः असंख्य इतर आज्ञावल्या विसंबून आहेत. ते जितके खालच्या थरात, तितके त्यांनी सावकाश बदलावे हे रास्तच. त्यांनी हे व्रत जाणूनबुजून घेतले, त्याच्या चाचण्यांची अवाढव्य व्यवस्था उभी केली आणि ती चालवायला पुऱ्या वेळेचे मनुष्यबळ आहे. दोन-तीन स्वयंसेवकांच्या, सर्वांत वरच्या थरातल्या एखाद्या प्रकल्पाने त्यांचे अनुकरण करावे असे म्हणणे म्हणजे त्याच्याकडून न झेपणारी जमाबंदी वसूल करणे आहे. आणि तो ती अखेरीस एकाच मार्गाने देतो, यादीत जुन्या कम्पायलरचे नाव ठेवून आणि त्यावर प्रत्यक्ष चाचणी कधीच न घेऊन.

तथापि नव्याचा हव्यास करणाऱ्यांनी या लेखाला आपल्या बाजूची साक्ष समजू नये. २०२१ च्या फेब्रुवारीत पायथनच्या ‘क्रिप्टोग्राफी’ या संचाची ३.४ ही आवृत्ती निघाली आणि तिची बांधणी करण्यासाठी रस्ट भाषेचा कम्पायलर आवश्यक झाला. हेतू उत्तम होता. सी भाषेत स्मृतीच्या हाताळणीत जे प्रमाद होतात ते रस्ट पुष्कळ अंशी होऊ देत नाही, आणि गुप्तलेखनाच्या कामात असा प्रमाद महागात पडतो. पण ज्या यंत्रांपर्यंत रस्ट पोहोचलेलीच नव्हती त्यांचा मार्ग खुंटला, आणि जेथे हा संच मुळापासून बांधला जात होता अशा असंख्य ठिकाणी एका सकाळी सगळे बंद पडले. कर्त्यांनी पूर्वसूचना दिली होती. ती जेथे दिली तेथवर बहुतेकांचे लक्षच नव्हते. किमान मर्यादा उचलण्याची सूचना ही आज्ञावलीच्याच तोंडून, बांधणीच्या वेळी, निदान दोन आवृत्त्या आधीपासून प्रत्येकाला दिसली पाहिजे. तहसिलीच्या फलकावर जाहीरनामा लावून रयतेला तो कळला असे गृहीत धरण्याचा काळ गेला.

आणि डिपेंडन्सीचा प्रश्न तर आमच्या दृष्टीने कम्पायलरहून कितीतरी अधिक कठीण आहे, ज्याचा उल्लेख आमच्या कैवाऱ्यांच्या तोंडी मी क्वचितच ऐकतो. कम्पायलर एकदा आणला, पेनड्राइव्हवरून दहा संगणकांवर बसवला, की वर्षभर पुरतो. डिपेंडन्सी मात्र प्रत्येक बांधणीच्या वेळी जाळ्यावरून ओढल्या जातात. एकीमागे दुसरी, दुसरीमागे तिसरी, अशा शेकडो. २०१६ च्या मार्चमध्ये जावास्क्रिप्टच्या भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघा अकरा ओळींचा भाग त्याच्या कर्त्याने काढून घेतला तेव्हा जगभरच्या बांधण्या कोसळल्या, आणि ती बातमी झाली. मोबाइलच्या मोजक्या डेटावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याची बांधणी अर्ध्यावर तुटते ती कोणाच्याच बातमीत येत नाही. ज्याला आमच्यासाठी खरोखर काही करायचे आहे त्याने प्रत्येक प्रकाशनाबरोबर, सर्व डिपेंडन्सी आत असलेली, जाळ्याविना बांधता येईल अशी एक पूर्ण फाइल द्यावी. रस्ट आणि गो या दोन्ही भाषांत त्याची सोय उपजतच आहे. डेबियन आपली भांडारे डीव्हीडीच्या रूपाने कित्येक वर्षे देत आला आहे. एकदा यवतमाळ-नागपूरकडे गेलेल्या कोणी ती आणली की गावभर ती हातोहात जाते.

म्हणून प्रकल्पांच्या कारभाऱ्यांना माझी सूचना अशी की, दुरुस्ती थांबलेल्या प्रत्येक कम्पायलरच्या आणि डिपेंडन्सीच्या नावापुढे यादीत एक रिकामी जागा ठेवावी आणि तो आधार चालू राहावा असे ज्यांना वाटते त्यांना तेथे आपले नाव लिहायला सांगावे: मी या आवृत्तीवर प्रत्येक प्रकाशनापूर्वी चाचणी घेईन, बिघाड निघाला तर तो मी दुरुस्त करीन, निदान दोन वर्षे. ज्यांच्या संस्थेला जुनी प्रणाली बदलता येत नाही त्यांनी माणूस द्यावा किंवा पैसा द्यावा. दोन्ही मार्ग सन्मानाचे आहेत. दोन आवृत्त्या लोटेपर्यंत त्या जागी एकही नाव आले नाही तर ती ओळ यादीतून काढावी, आणि त्या ओळीपायी दरवर्षी खर्च होणारे श्रम ३२-बिटांच्या एखाद्या जुन्या यंत्रावर, त्यातली स्मृती दोन गीगाबाइटांपेक्षा जास्त नसेल अशा यंत्रावर, नव्या कम्पायलरने बांधलेल्या आज्ञावलीची चाचणी घेण्याकडे वळवावेत.